कायटोसान-अल्जिनेटच्या मण्यांनी सांडपाण्यातले किरणोत्सारी धातू काढणे: कृती, आकडे आणि कुठे फसतं

चेंबूरकर | सोमवार, सकाळी १०:४०

कोळंबीच्या टरफलातून निघणारं कायटोसान आणि समुद्री शेवाळातून निघणारं अल्जिनेट, या दोन जैविक पॉलिमरांवर इथे तुटक तुटक बरंच लिहून झालंय. एकत्र असं काही नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारणारेही बरेच असतात.

आधी कोणता धातू कशाला चिकटतो ते पाहू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कायटोसानच्या साखळीवर अमाइन गट असतात. नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी युरेनिल (पाण्यातला युरेनियमचा आयन), कोबाल्ट, तांबं, पारा यांना धरते. सीझियम आणि स्ट्रॉन्शियमला मात्र ती जवळजवळ धरतच नाही. अल्जिनेटवर कार्बोक्सिल गट असतात आणि त्याच्या साखळ्या दोन संयुजी धातूंभोवती अंड्यांच्या ट्रेसारख्या बसतात. त्याची आवड साधारण अशी: शिसं, तांबं, कॅडमियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, मग कोबाल्ट-निकेल-जस्त. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या एक पायरी वर आहे, म्हणूनच कॅल्शियमने बांधलेला अल्जिनेटचा मणी स्ट्रॉन्शियम उचलतो. ती पायरी फार उंच नाही, हेही ध्यानात ठेवा. सीझियम एकसंयुजी असल्यामुळे दोघांच्याही हाती लागत नाही. त्याच्यासाठी मण्यात वेगळं काहीतरी भरावं लागतं.

म्हणजे 'बायोपॉलिमर किरणोत्सारी धातू काढतो' हे वाक्य तसंच्या तसं खोटं आहे. कोणता पॉलिमर, कोणता धातू, कोणत्या पाण्यातून, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

नवशिकी | सोमवार, सकाळी ११:२५

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अल्जिनेटचे मणी करायचे आहेत, स्ट्रॉन्शियमसाठी. किरणोत्सारी काही वापरायची परवानगी नाही. मग याला अर्थ राहतो का? आणि मण्यांची नेमकी कृती कोणी देईल का? माझे मणी शेपटीवाले होतात.

सागरवेली | सोमवार, दुपारी १:०५

अर्थ पूर्ण राहतो गं. स्ट्रॉन्शियम-९० आणि बाजारात मिळणारं साधं स्ट्रॉन्शियम नायट्रेट यांचं रसायन एकच. सीझियमसाठी साधं सीझियम क्लोराईड, आणि अमेरिसियमसारख्या त्रिसंयुजींच्या जागी युरोपियम किंवा निओडिमियम वापरतात. युरेनियमला असा बिनधोक जोडीदार नाही. युरेनियम आणि थोरियम अणुऊर्जा कायद्याखाली विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणातले, पदार्थ आहेत, त्यामुळे ते काम परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करायचं. कपाटात जुन्या युरेनिल अ‍ॅसिटेटची बाटली सापडली तर उघडू नका, विभागप्रमुखांना सांगा.

आता कृती. १०० मिली डिस्टिल्ड पाणी स्टररवर ठेव, चांगला भोवरा पडू दे, आणि २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमटीचिमटीने भोवऱ्याच्या कडेवर भुरभुरव. एकदम ओतलं तर बाहेरून चिकट आणि आत कोरड्या अशा गुठळ्या होतात, त्या दिवसभर ढवळूनही फुटत नाहीत. पावडर आधी २-३ मिली अल्कोहोलमध्ये भिजवून टाकली तर गुठळ्या टळतात. दोन-तीन तास ढवळ, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव म्हणजे बुडबुडे निघून जातील. बुडबुडे राहिले की मणी तरंगतात आणि कॉलममध्ये, म्हणजे मणी भरलेल्या उभ्या नळीत, वर गोळा होतात. द्रावण मुंबईच्या हवेत बाहेर ठेवू नकोस, दोन-तीन दिवसांत ते पातळ होतं आणि त्याला वास येतो. जंतू साखळी खातात.

थेंबांचे मणी बांधणाऱ्या द्रावणासाठी, म्हणजे आंघोळीसाठी, २०० मिलीत ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट, म्हणजे साधारण ०.१४ मोलर. ते हळू ढवळत ठेव आणि २१ किंवा २२ गेजच्या सुईतून थेंब थेंब सोड. सुईचं टोक पाण्यापासून ८-१० सेंमी वर हवं. शेपटी येते ती दोन कारणांनी: द्रावण फार दाट असतं, किंवा उंची कमी असते आणि थेंबाला गोल व्हायला वेळच मिळत नाही. मणी चपटे झाले तर उलटं, उंची जास्त किंवा द्रावण पातळ. आधी उंची बदलून बघ, तेवढ्याने नाही झालं तर अल्जिनेट १.५ टक्क्यावर आण. मणी २४ तास आंघोळीतच राहू दे, मग धू. धुवणातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून दुधाळपणा येईनासा होईपर्यंत धुवायचं.

आयनबदल | सोमवार, दुपारी २:३०

सागरवेलीताईंच्या कृतीला एक पुस्ती. जून ते सप्टेंबरमध्ये कॅल्शियम क्लोराईडची बाटली नीट बघा. निर्जल प्रकार मुंबईच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून बाटलीतच ओला गोळा होतो. तुम्ही ४ ग्रॅम मोजता, त्यातलं किती पाणी हे कोणाला ठाऊक? मग आंघोळ कमजोर, मणी मऊ, आणि दोष मात्र अल्जिनेटला. डायहायड्रेट घ्या, छोट्या बाटल्यांत वाटून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, आणि शंका आली तर ईडीटीएने (कॅल्शियम घट्ट धरणाऱ्या रसायनाने) कॅल्शियम टायट्रेट करून बघा. सोडियम हायड्रॉक्साईडच्या गोळ्यांचीही हीच गत.

दुसरं, वजनाचं. ओल्या मण्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. 'प्रति ग्रॅम किती मिलिग्रॅम' लिहिताना ओला ग्रॅम की कोरडा ग्रॅम ते सांगितलं नाही तर आकडा वीसपटीने इकडेतिकडे होतो. प्रत्येक घाण्यातले ५ ग्रॅम ओले मणी वेगळे काढा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि गुणोत्तर वहीत लिहा. प्रयोगाला ओलेच वापरा. ओव्हनमध्ये वाळवलेला मणी आक्रसून मोहरीएवढा कडक होतो, त्याची भोकं मिटतात, आणि पुन्हा भिजवला तरी तो पहिल्यासारखा होत नाही.

चेंबूरकर | सोमवार, दुपारी ४:१५

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. प्रकल्प-अहवालांत सगळे कमाल क्षमतेमागे धावतात: अमुक मण्याने ग्रॅममागे १५० मिलिग्रॅम धरलं, तमुकने २००. खऱ्या किरणोत्सारी सांडपाण्यात ही क्षमता जवळजवळ कामालाच येत नाही. का, ते गणिताने बघा.

सीझियम-१३७ च्या एका ग्रॅमची सक्रियता सुमारे ३.२ टेराबेकरेल असते (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, टेरा म्हणजे लाख कोटी). एका लिटर पाण्यात १०,००० बेकरेल आहे असं धरा. तर त्यात सीझियम किती? सुमारे ३ नॅनोग्रॅम! त्याच लिटरमध्ये पोटॅशियम ३ मिलिग्रॅम असलं, जे साध्या पाण्यातही असतं, तर ते सीझियमच्या दहा लाख पट झालं. मण्याच्या जागा भरणार त्या पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियमने. सीझियमला जागा मिळते की नाही हे क्षमतेवर नाही, निवडकपणावर ठरतं.

म्हणून वितरण गुणांक काढा, ज्याला सगळे केडी म्हणतात: मण्याच्या ग्रॅममध्ये किती धातू गेला भागिले पाण्याच्या मिलीत किती उरला. नवशिकीताईंसाठी उदाहरण: ५० मिली पाणी, स्ट्रॉन्शियम १० मिग्रॅ/लिटर, मणी कोरड्या वजनाने ०.१ ग्रॅम, शेवटी उरलं १.२ मिग्रॅ/लिटर. धरलेलं = ८.८ × ०.०५ ÷ ०.१ = ४.४ मिग्रॅ/ग्रॅम. केडी = (८.८ ÷ १.२) × (५० ÷ ०.१) = सुमारे ३,६७० मिली/ग्रॅम. आता हाच प्रयोग डिस्टिल्ड पाण्याऐवजी कॅल्शियम १०० मिग्रॅ/लिटर घालून करा. केडी कुठे घसरतो ते बघा आणि तो घसरलेला आकडा अहवालात पहिल्या पानावर लिहा. खरा निकाल तोच.

आणि केडीवरून पुढचं सोपं आहे. शुद्धीकरण गुणक, म्हणजे पाण्यातला धातू किती पटीने कमी झाला = १ + केडी × मण्यांचं वजन ÷ पाण्याचं आकारमान. केडी १०,००० असेल आणि लिटरला १ ग्रॅम मणी टाकले तर गुणक ११. तेच पाणी नव्या १ ग्रॅम मण्यांवर परत घेतलं तर १२१. एकाच वेळी २ ग्रॅम टाकले असते तर फक्त २१. म्हणून टप्प्याटप्प्याने, किंवा मग कॉलम.

नवशिकी | सोमवार, संध्याकाळी ६:५०

हे पहिल्यांदाच नीट कळलं, धन्यवाद. कॅल्शियमची मालिका करते: ०, २०, ५०, १००. मोजमाप कशावर करू? आणि सीझियमसाठी मण्यात काय भरायचं?

सागरवेली | सोमवार, रात्री ९:१०

स्ट्रॉन्शियम फ्लेम अ‍ॅटॉमिकवर (ज्योतीत धातूने किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र) ४६०.७ नॅनोमीटरला चांगलं मोजता येतं. आयसीपीला (प्लाझ्मात नमुना तापवून धातू मोजणारं यंत्र) पवईच्या आयआयटीत सैफ या उपकरण-केंद्राची सोय आहे, बाहेरच्यांचे नमुने पैसे भरून घेतात. नमुने गाळून, नायट्रिकने आम्ल करून द्यायचे. सीझियमला साध्या आयसीपीवर संवेदनशीलता फारच कमी. ते फ्लेम एमिशनवर ८५२.१ नॅनोमीटरला घे, आणि नमुन्यात व स्टँडर्डमध्ये (माहीत प्रमाणाच्या द्रावणात) दोन्हीकडे सारखंच पोटॅशियम घाल, १,००० ते २,००० मिग्रॅ/लिटर. नाहीतर ज्योतीत सीझियमचं आयनीभवन होऊन वाचन वाकडं येतं.

प्रत्येक मालिकेत मणी नसलेली एक बाटली ठेवच. तोच पीएच, तेवढाच वेळ, तेच हलवणं. युरेनियमवर काम करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये: पीएच ६ च्या वर युरेनिल हायड्रॉक्साईडचा साका बसायला लागतो, धातू पाण्यातून गेलेला दिसतो, आणि श्रेय मण्याला दिलं जातं. कित्येक चमकदार आलेख अशा साक्याचे असतात.

गाळणी | मंगळवार, सकाळी ८:३०

सीझियमबद्दल मी लिहितो. मण्यात भरायचं ते प्रशियन ब्लू किंवा कॉपर हेक्झासायनोफेरेट, म्हणजे लोखंड-सायनाईडची जाळी असलेले न विरघळणारे क्षार. त्याच्या जाळीत इतक्या अरुंद वाटा असतात की अंगावरचं पाणी सहज झटकणारा सीझियम आत शिरतो, पाणी घट्ट धरून बसणारा सोडियम बाहेर राहतो. पोटॅशियम आणि अमोनियम मधले, तेच खरे स्पर्धक. ही ओळख जुनी आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात सीझियमचा स्रोत फुटला तेव्हा बाधित लोकांना प्रशियन ब्लू पोटात दिलं होतं, आतड्यात सीझियम धरून बाहेर काढायला.

कृतीत दोन खड्डे आहेत. पहिला: कॉपर सल्फेट थेट अल्जिनेटच्या द्रावणात टाकू नका. तांबं अल्जिनेटला कॅल्शियमपेक्षा घट्ट बांधतं, क्षणात निळ्या जेलीचे गोळे होतात. एक तर साका बाहेर करा: पोटॅशियम फेरोसायनाईडच्या द्रावणात कॉपर सल्फेट थेंबाथेंबाने, विटकरी साका येतो, तो सेंट्रिफ्यूज करून तीन-चारदा धुवा (व्हॉटमन १ मधून तो आरपार जातो), आणि ओला लगदाच अल्जिनेटमध्ये घोटा, कोरड्या हिशेबाने १ ते २ टक्के. नाहीतर उलटी वाट: फेरोसायनाईड अल्जिनेटमध्ये विरघळवा आणि थेंब कॉपर सल्फेटच्या आंघोळीत सोडा. तांबं मणीही बांधतं आणि आत साकाही करतं. यात कण बारीक येतात, पण मण्याच्या सालीपाशी दाटी होते.

दुसरा खड्डा कायटोसानवाल्यांचा. कायटोसानचा मणी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये पाडतात. त्यात प्रशियन ब्लू मिसळलेलं असेल तर तिथेच त्याचा गंजासारखा हायड्रॉक्साईड होतो, निळा मणी बघता बघता तपकिरी. त्यामुळे सीझियमसाठी अल्जिनेटच घ्या, आणि वापरतानाही पाणी पीएच ९ च्या खाली ठेवा. तीव्र आम्लात घालून तापवायचं मात्र कधीही नाही, हायड्रोजन सायनाईड सुटतो.

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ११:००

ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्याला कोळंबी सोलतात तिथे टरफलांचे ढीग पडतात. त्यातून घरचं, म्हणजे प्रयोगशाळेचं, कायटोसान काढता येईल का? विकतचं महाग पडतं.

सागरवेली | मंगळवार, दुपारी १२:४५

येतं की. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने या प्रक्रियेवर बरंच काम केलंय. टरफलं ताजीच घ्या, धुऊन वाळवा, भरडा. पहिली पायरी आम्लाची, चुना काढायला. इथे लोक बीकर लहान घेतात आणि पस्तावतात. १०० ग्रॅम टरफलात ३५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर ८ लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि फेस काठावरून ओतला जातो. ५ लिटरची बादली, १ मोलर हायड्रोक्लोरिक १ लिटर, आणि तेही पाव-पाव लिटरने. बुडबुडे थांबेपर्यंत, दोन-तीन तास. मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड, ८० अंश, दोन तास: प्रथिनं जातात. इथवर कायटिन झालं. शेवटची पायरी ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साईड, १०० ते ११० अंश, दोन ते चार तास. ही पायरी धोक्याची आहे. काचेचं भांडं नको, स्टेनलेस स्टीलचं घ्या. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, हातमोजे कोपरापर्यंत, आणि जवळ दुसरं माणूस हवंच.

परीक्षा सोपी: १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात चिमूटभर टाका. स्वच्छ विरघळलं तर झालं, तुकडे तरंगले तर अ‍ॅसिटिल गट अजून बाकी आहेत. तरीही सांगते, प्रकल्प शोषणाचा असेल तर कायटोसान विकतच घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानदाराकडे डीअ‍ॅसिटिलेशनचा, म्हणजे किती अ‍ॅसिटिल गट निघाले त्याचा, टक्का लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. प्रत्येक घाण्याला टक्का वेगळा आला तर तुमचे दोन प्रयोग एकमेकांशी ताडताच येणार नाहीत.

आयनबदल | मंगळवार, दुपारी ३:२०

कायटोसानची दुखरी नस म्हणजे आम्ल. पीएच ५.५ च्या खाली अमाइनवर प्रोटॉन बसतो आणि मणी आधी फुगतो, मग विरघळतो. ते थांबवायला ग्लुटराल्डिहाईडने साखळ्या एकमेकींना जोडतात. पण ते जोडतं अमाइनलाच, म्हणजे धातू धरणारे हातच बांधले जातात. मणी जितका गडद तपकिरी, तितका टिकाऊ आणि तितका निकामी. एपिक्लोरोहायड्रिन बहुतांशी हायड्रॉक्सिल गटांना जोडतं, अमाइन मोकळे राहतात, पण ते कर्करोगकारक आहे. फ्यूमहूड नसेल तर नाव काढू नका.

युरेनियमला पीएच ५ ते ६ बरा. पीएच त्याच्या वर गेला आणि पाण्यात कार्बोनेट आला की युरेनिल ट्रायकार्बोनेट हा ऋणभारी गट तयार होतो, कॅल्शियम असेल तर भार नसलेलं कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेट. दोन्ही मण्याकडे ढुंकून बघत नाहीत. पंजाबातल्या बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे आणि बायकार्बोनेटही भरपूर, म्हणून प्रयोगशाळेत ९५ टक्के काढणारा मणी तिथे हात टेकतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, अणुऊर्जा नियामक परिषदेची ६०. तिथवर पोचायचं तर आधी आम्ल घालून हवा मारून कार्बोनेट घालवा, नाहीतर सरळ अ‍ॅनायन रेझिन (ऋणभारी आयन धरणारे कृत्रिम दाणे) किंवा आरओ.

गाळणी | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

कॉलमचे आकडेही देऊन टाकतो. २.५ सेंमी व्यासाची नळी, ३० सेंमी थर, म्हणजे थराचं आकारमान सुमारे १४७ मिली. तासाला थराच्या पाचपट पाणी सोडायचं तर वेग मिनिटाला १२ मिली. अडीच मिलिमीटरच्या मण्यात धातू आत झिरपायला तास न् तास लागतात, वेग वाढवला तर फक्त सालच वापरली जाते. व्यास निम्मा केला तर झिरपण्याचा वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. सुईभोवती हवेचा झोत देऊन १ मिमीचे मणी पाडता येतात. पण मऊ मणी वरच्या वजनाने दबतात, थर बसतो, दाब चढतो. खालून वर पाणी सोडा, मण्यात मिसळून जाड वाळू घाला, आणि थर मीटरभर उंच करायचा मोह टाळा.

पाण्यात सायट्रेट, ईडीटीए किंवा फॉस्फेट असेल तर अल्जिनेट वापरू नका. किरणोत्सारी मळ काढायच्या द्रावणात नेमके हेच असतात. ते मण्यातला कॅल्शियम ओढून घेतात आणि सकाळी कॉलममध्ये मण्यांच्या जागी शेंबडासारखं पाणी असतं. समुद्राच्या पाण्यातही सोडियम हेच करतो, जरा सावकाश.

नवशिकी | बुधवार, सकाळी ९:१५

मग रुग्णालयातलं पाणी? थायरॉइडच्या उपचारात आयोडीन देतात ते सांडपाण्यात येतं ना?

चेंबूरकर | बुधवार, सकाळी १०:००

त्याला मणी लागतच नाहीत. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. टाकीत ८० दिवस अडवलं की हजाराव्या हिश्श्यावर येतं. डिले टँक त्यासाठीच असतात. सीझियम-१३७ चं ३० वर्षं आणि स्ट्रॉन्शियम-९० चं जवळपास २९ वर्षं, ते टाकीत अडवून भागत नाही, म्हणून त्यांना धरावं लागतं. आणि ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, पाण्याच्या रेणूतच असतो, तो कोणत्याच मण्याने निघत नाही. फुकुशिमात बाकीचं बहुतेक सगळं गाळूनही ट्रिटियम राहिला तो याच कारणाने.

तुर्भेवाला | बुधवार, दुपारी १२:३०

हे मणी कोणत्या पातळीच्या कचऱ्यासाठी, तेही लिहायला हवं. ट्रॉम्बेच्या आयसोमेड या केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप). तेवढ्या मात्रेत कायटोसान आणि अल्जिनेट दोघांच्याही साखळ्या तुटतात, द्रावणाची चिकटाई उतरते. म्हणजे जास्त सक्रियतेच्या द्रावणात मणी स्वतःच्याच धरलेल्या धातूने कुजणार. मध्यम पातळीच्या अल्कली कचऱ्यातून सीझियम काढायला भाभा अणुसंशोधन केंद्राने रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाईड रेझिन वापरलं, आणि स्ट्रॉन्शियमला इमिनोडायअ‍ॅसेटिक आम्लाचं. तिथे जैविक पॉलिमरचं काम नाही. त्यांची जागा कमी पातळीच्या, मोठ्या आकारमानाच्या, कमी क्षाराच्या पाण्यात.

सागरवेली | बुधवार, दुपारी २:१०

अगदी. आणि वापरून झालेल्या मण्यांचं काय करायचं, हे बहुतेक अहवालांत शेवटच्या दोन ओळींत उरकतात. धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून मण्यात जातो, एवढंच. स्ट्रॉन्शियमचे मणी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकने मोकळे होतात. त्यात मणी अल्जिनिक आम्लाचा होतो, परत कॅल्शियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवला की पुन्हा कामाला. सोडियम कार्बोनेटने धुवायला जाऊ नका, कॅल्शियमचा चुना होतो आणि मणी वितळतो. प्रत्येक फेरीत वजन आणि केडी दोन्ही लिहायचे, नुसतं 'पाच फेऱ्या टिकला' याला किंमत नाही. हेक्झासायनोफेरेटचे मणी मात्र एकदाच वापरायचे, सीझियम इतका घट्ट बसतो की काढायला गेलं तर जाळीच मोडते.

तुर्भेवाला | बुधवार, दुपारी ३:४५

त्या मण्यांबद्दल एक कळकळीची सूचना. १ घनमीटर ओल्या मण्यात घन पदार्थ जेमतेम ४०-५० किलो, त्यामुळे वाळवून आकारमान कमी करायचा मोह होणारच. वाळवा, पण आधी नायट्रेट पूर्ण धुऊन काढा. फेरोसायनाईड आणि नायट्रेट एकत्र कोरडे होऊन तापले तर स्फोट होऊ शकतो. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या टाक्यांत सीझियम बसवायला फेरोसायनाईड घातलं होतं, आणि नंतर याच भीतीपायी त्या टाक्यांची वर्षानुवर्षं तपासणी करावी लागली. जाळायचं ठरलं तर तापमान आवरा, लाल भट्टीत सीझियमची वाफ होऊन ती धुराड्याच्या वाटेला लागते. सिमेंटमध्ये घालायचं असेल तर सिमेंटच्या भोकांतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो, आणि प्रशियन ब्लू त्यात टिकत नाही हे गाळणींनी वर लिहिलंच आहे.

नवशिकी | बुधवार, संध्याकाळी ७:२०

उंची ९ सेंमी आणि अल्जिनेट १.५ टक्के केलं, शेपट्या गेल्या. कॅल्शियम ० आणि १०० चे पहिले नमुने आज गाळून आम्ल करून ठेवलेत, मणी नसलेल्या बाटल्यांसकट. सागरवेलीताई, फ्लेमवर कॅल्शियम असलेल्या नमुन्यांसाठी स्टँडर्डमध्येही तेवढंच कॅल्शियम घालायचं ना?

सागरवेली | बुधवार, रात्री ८:०५

हो, तेवढंच. आणि दोन्हीकडे लँथॅनम क्लोराईडही घाल, म्हणजे ज्योतीत बाकीच्या घटकांचा अडथळा कमी होतो. वाचन घेताना दर दहा नमुन्यांनी मधलं स्टँडर्ड परत दाखव. ते ५ टक्क्यांहून जास्त हललं तर त्या दहाचं वाचन पुन्हा घे.